घरच्या सिम्युलेटरवर विमान शिकणे : खेड्यातला सेटअप, ट्रिम आणि आपला उन्हाळा

पऱ्हाटी

दर्यापूर तालुक्यातून लिहितोय. दिवसा सेतू केंद्र चालवतो, सातबारे अन् पीकविम्याचे फॉर्म. रात्री जेवणं आटोपली की फ्लाइटगिअर हे विमानाचं सिम्युलेटर लावून बसतो. व्यनितून (खासगी निरोपातून) बऱ्याच जणांनी विचारलं की हे नेमकं काय, किती खर्च येतो आणि खरंच काही शिकता येतं का. वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच धागा काढतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. घरच्या सिम्युलेटरवर डोकं तयार होतं. हात थोडेफार होतात. बूड अजिबात होत नाही. खऱ्या विमानात खुर्ची खालून ढकलते, वळताना अंग एका बाजूला ओढलं जातं, आणि त्यावरून वैमानिकाला बरंच काही कळतं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ते कळायचं नाही. पण कोणत्या वेगाला काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं, वारा कुठून आहे, इंधन किती वेळ पुरेल, आत्ता मी कुठे आहे, हे सगळं घरी पक्कं करता येतं, आणि तो भाग लहान नाही.

सामानाबद्दल. फ्लाइटगिअर फुकट आहे. १९९७ पासून जगभरचे हौशी लोक ते मिळून बनवताहेत. लिनक्सवरही चालतं. ज्या भागात उडाल तेवढ्याच भागाचा नकाशा उतरवून घेतं आणि तो कॉम्प्युटरमध्ये राहतो, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागतं. एक्स-प्लेन जास्त चांगलं मानतात, त्याचा डेमो फुकट मिळतो. मायक्रोसॉफ्टचं सगळ्यात देखणं, पण ते जमिनीची चित्रं सतत इंटरनेटवरून ओढत असतं. आमच्या गावात पाऊस आला की टॉवरच आधी आडवा होतो, त्यामुळे तो विषय संपला.

जॉयस्टिक मात्र घ्या, आणि दांडा पिळता येतो अशीच घ्या. पिळलं की रडर, म्हणजे शेपटीवरचं नाक डावी-उजवीकडे वळवणारं उभं पातं, फिरतं. पेडल नसताना एवढं तरी पाहिजेच. कीबोर्डवर विमान हवेत राहतं, पण शिकणं होत नाही.

विमान : सेस्ना १७२. फ्लाइटगिअरमध्ये १७२पी हे मॉडेल आधीपासूनच येतं, १६० अश्वशक्तीचं कार्ब्युरेटरवालं इंजिन. बोइंग-एअरबसकडे महिनाभर तरी ढुंकून बघू नका. तिथे ऑटोपायलट सगळं करतो आणि आपण फक्त बटणं दाबत बसतो.

आणि पहिल्या दिवसापासून लँडिंगच्या मागे लागू नका. आधी सरळ आणि समपातळीत उडवा. दोन हजार फुटांवर, २३००–२४०० आरपीएम, काटा वीस फूटही हलता कामा नये. कंटाळवाणं आहे, पण बाकीचं सगळं यावरच उभं राहतं.

बाप्पारेबाप्पा

भाऊ, दिवसा सातबारा काढता अन् रातच्याला विमान उडवून रायले! आमच्याकडं तं रातच्याला मोटरची लाईन येते, वावरात जाऊन पाणी द्या लागते. ते जाऊ द्या, मधातच लाईट गेली तं विमान कुठं उतरवता?

पऱ्हाटी

हसू नका भाऊ, त्याचाच मी अभ्यास केलाय. केंद्राचा जुना यूपीएस घरी आहे, तो लाईट गेल्यावर दहाएक मिनिटं तग धरतो. यूपीएस कोकलला की मी थ्रॉटल पूर्ण मागे ओढतो आणि इंजिन बंद पडलं असं धरून चालतो. १७२पी ला ६५ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) हा सर्वात लांब तरंगण्याचा वेग. आधी नाक त्या वेगाला आणायचं, मग उतरायची जागा ठरवायची, मग वारा, आणि त्यानंतरच इंजिन का बंद पडलं ते बघायचं : इंधनाचा कॉक, मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण), कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा), मॅग्नेटो (ठिणगी देणारा). नवशिका माणूस नेमकं उलट करतो, किल्ली फिरवत बसतो आणि वेग हातचा जातो.

हे विमान साधारण एकास नऊ तरंगतं. जमिनीपासून हजार फुटांवर असाल तर नऊ हजार फूट, म्हणजे पावणेतीन किलोमीटरच्या आतली जागा शोधायची. त्यात वळायलाही उंची जाते, म्हणून मी दीडच्या पुढे बघत नाही. आमचा पूर्णेचा खारपाणपट्टा त्यासाठी छान, मैलोगणिक सपाट.

झाडीपट्टी

गोंदियाकडचा आहे. बिरसीला २००८ मध्ये प्रशिक्षण संस्था सुरू झाली, तेव्हापासून डोक्यावर घिरट्या घालणारी विमानं बघत मोठा झालो. पुढे दुसऱ्या राज्यात शिकलो, सीपीएल म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना आहे. आता नवीन मुलांना शिकवतो.

पऱ्हाटी, इंजिन बंद पडल्यावरचा क्रम बरोबर सांगितला. एक भर घालतो. तुमच्या सिम्युलेटरमधल्या शेतात तारा नाहीत. खऱ्या वावरातून अकरा केव्हीची लाईन गेलेली असते आणि वरून तार दिसत नाही, खांब दिसतात. म्हणून खांबांची रांग दिसली की मध्ये तार आहे असं समजायचं, आणि रांगेला आडवं जायचं नाही, समांतर उतरायचं. काळी माती पावसाळ्यात चाक धरते, तेही स्क्रीनवर नाही. वाऱ्याची दिशा मात्र आपल्याकडे फुकट कळते. कापूस संपल्यावर लोक पऱ्हाट्या पेटवतात, त्या धुराकडे बघा.

आता तक्रार. घरी सिम्युलेटर उडवून आलेला मुलगा मला दहा मिनिटांत ओळखू येतो. डोळे पॅनेलला चिकटलेले असतात. वेगाचा काटा पाच नॉट वर गेला की नाक वर, खाली आला की नाक खाली, सतत काट्यांच्या मागे धावणं चालू. छोट्या विमानात उजेडी, स्वच्छ हवेत उडताना नजर मुख्यतः बाहेर हवी. क्षितिज काचेवर कुठे आहे ते बघायचं, त्याला तिथेच धरायचं, मग हळूच एक नजर काट्यावर. मी अशा मुलांचं पॅनेल सरळ कागदाने झाकतो.

घरीही हे करता येतं. पॅनेल लपवायची सोय बहुतेक सिम्युलेटरमध्ये असते. अर्धा तास तसं उडवा. इंजिनाचा आवाज आणि क्षितिज, एवढंच.

पऱ्हाटी

सर, मग ट्रिमबद्दलही तुम्हीच सांगा. व्यनितला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न तोच आहे.

झाडीपट्टी

सर नको, दादा म्हणा.

खऱ्या विमानात ठरलेल्या वेगापेक्षा वेगळ्या वेगाने उडायचं तर योक (विमान चालवायचं हँडल) हाताला जोर लावतो, पुढे किंवा मागे. ट्रिमचं चाक फिरवून तो जोर शून्य करायचा. हात काढला तरी विमान तसंच राहिलं पाहिजे. म्हणजे ट्रिम ही वेगाची गाठ आहे. एकदा ७५ नॉटला बांधली की इंजिनाची ताकद वाढवली तर विमान चढतं, कमी केली तर उतरतं, वेग मात्र फिरून ७५ च्या आसपासच येतो. हे ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी एकदा दिसलं, त्याला उड्डाणाचा निम्मा गाभा कळला.

घरच्या जॉयस्टिकमध्ये गोची अशी की तिच्यात साधी स्प्रिंग असते. ती नेहमी मधोमध यायला बघते, विमानाचा वेग काहीही असो. त्यामुळे ट्रिम फिरवताना दांडाही हळूहळू मध्यावर सोडत न्यावा लागतो. खऱ्या विमानात तसं होत नाही, तिथे दांडा जागेवरच राहतो आणि नुसता जोर नाहीसा होतो. हा फरक डोक्यात असू द्या, मग सिम्युलेटरमधली सवय आड येत नाही.

क्रम कायम एकच : आधी नाक, मग ताकद, शेवटी ट्रिम. ट्रिमने विमान ‘चालवू’ नका. चाक फिरवून नाक खालीवर करणारी मुलं पुढे लँडिंगला रडवतात.

मृगबहार

कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, गाव वरुडजवळ. विमान कधी चालवलं नाही, पण या धाग्याला आपल्या उन्हाळ्याचं गणित द्यायचा मोह आवरत नाही.

विमानाच्या पुस्तकातले आकडे प्रमाण हवेसाठी असतात. समुद्रसपाटीला १५ अंश, आणि हजार फुटांमागे साधारण दोन अंश कमी. नागपूर विमानतळाची उंची १०३३ फूट. तिथे प्रमाण तापमान १३ अंश धरायचं. मे महिन्यात दुपारी ४५ अंश असतं, म्हणजे ३२ अंश जास्त. प्रत्येक जादा अंशाला घनता-उंची, म्हणजे हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची, सुमारे १२० फुटांनी वाढते. ३२ गुणिले १२०, ३८४०. अधिक १०३३. झाले ४८७३ फूट. वर मे महिन्यात आपल्याकडे हवेचा दाबही उतरलेला असतो, तो आणखी दोनतीनशे फूट घालतो.

थोडक्यात, नागपूरच्या धावपट्टीवर उभं असलेलं विमान, त्याच्या इंजिनाच्या आणि पंखांच्या दृष्टीने, पाच हजार फुटांवर उभं आहे. चिखलदरा ३६००-३७०० फुटांवर आहे. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळावरच्या, विमानाला चिखलदऱ्याच्याही बऱ्याच वरची विरळ हवा मिळते!

परिणाम तीन ठिकाणी दिसतो. इंजिनाला हवा कमी, म्हणून ताकद कमी. पंख्याला (प्रोपेलरला) चावायला हवा कमी. आणि काटा ५५ नॉट दाखवतो तेव्हा विमान प्रत्यक्षात ५९ च्या आसपास धावत असतं, म्हणून धावपट्टी जास्त खाल्ली जाते. सिम्युलेटरमध्ये हवामान हाताने भरता येत असेल तर एकदा १५ अंश आणि एकदा ४५ अंश भरून तेच विमान तेवढ्याच वजनाने उडवून बघा. मी विद्यार्थ्यांना फळ्यावर हे शिकवून थकलो, स्क्रीनवर त्यांना लगेच पटेल असं वाटतं.

पऱ्हाटी

मृगबहार सर, करून बघितलं. चारही सीटांवर माणसं भरली, टाक्या भरल्या, ४५ अंश. उचललं, पण चढायचा काटा जो रुसला तो रुसलाच. झाडांच्या उंचीवरून नागपूर बघत बघत गेलो. पुस्तकात लिहिलंय त्याप्रमाणे मिक्श्चर थोडं मागे घेतलं, आरपीएम वाढले, तेव्हा जरा जीव आला.

झाडीपट्टी

बरोबर. विरळ हवेत पूर्ण पुढे ढकललेलं मिक्श्चर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. म्हणूनच आम्ही उन्हाळ्यात पहाटे उडतो. दुपारी वरून उठणारी गरम हवा विमानाला बदडून काढते ते वेगळंच, आणि ते मात्र तुमच्या खुर्चीत कधी येणार नाही.

बाप्पारेबाप्पा

एवढं सगळं करून पोट्टं पायलट होते का पन? का नुसतंच आपलं टाइमपास?

वर्धेची_ताई

माझाही तोच प्रश्न आहे, जरा नीट शब्दांत. मुलगी अकरावीला आहे, विज्ञान शाखा. वैमानिक व्हायचं म्हणते. तिच्या मामाने योक आणि पेडल घेऊन देतो म्हटलंय, बरीच मोठी रक्कम आहे. घ्यावं का? घरच्या सिम्युलेटरचे तास कुठे धरतात का?

झाडीपट्टी

ताई, घरचे तास कुठेही धरत नाहीत. एक मिनिटही नाही. सीपीएलला दोनशे तासांचं खरं उड्डाण लागतं.

मामांना सांगा, आधी मेडिकल. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) यादीतल्या डॉक्टरांकडे क्लास टू मेडिकल होतं, पुढे व्यावसायिक परवान्याला क्लास वन लागतं. रंग ओळखण्यात मोठी अडचण, हृदयाचं काही, कानाचं काही, हे लाखो रुपये फीमध्ये गेल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. चष्मा असला म्हणून घाबरू नका, चष्म्यासह नीट दिसत असेल तर चालतं. मी अशी घरं बघितलीत की शेत गहाण पडल्यावर मेडिकल झालं. त्यावर आणखी काही लिहीत नाही.

दुसरं, तिचा अकरावी-बारावीचा फिजिक्स आणि मॅथ्स कच्चा राहू देऊ नका. पुढे हवामानशास्त्र, नेव्हिगेशन, नियम, तांत्रिक असे पेपर असतात आणि प्रत्येकात ७० टक्के लागतात. मामांचा पैसा त्या पुस्तकांवर लागला तर जास्त कामाला येईल. तिला पिळायच्या दांड्याची साधी जॉयस्टिक घेऊन द्या, पुष्कळ झालं.

आणि इंग्रजीत बोलायची सवय. रेडिओवर ‘व्हिक्टर टँगो’ने सुरू होणारं आपलं नाव, उंची, जागा, काय हवंय, हे न अडखळता बोलता आलं पाहिजे. मराठी माध्यमाची मुलं विमान छान चालवतात आणि माइक हातात आला की गप्प होतात. व्हॅटसिम नावाचं फुकट जाळं आहे, तिथे हौशी लोक कंट्रोलर होऊन बसतात. तिथे आधी नुसतं ऐकायला लावा.

वर्धेची_ताई

दादा, मनापासून आभार. मामा थोडे हिरमुसलेत, पण मेडिकलचं पटलं त्यांना.

पेटीमास्तर

भजनी मंडळात पेटी वाजवतो, निवृत्त शिक्षक. तुमची चर्चा वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटली. सिम्युलेटरचा जन्म आमच्या वाद्याच्या घराण्यातला आहे. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा माणूस वडिलांच्या ऑर्गन आणि पियानोच्या कारखान्यात काम करायचा. विमान शिकायला पैसे फार लागत, म्हणून त्याने १९२९ मध्ये ऑर्गनचेच भाते वापरून लाकडी पेटीसारखं विमान बनवलं. भात्यात हवा भरली-सोडली की ते कलायचं, वळायचं. सुरुवातीला लोकांनी जत्रेतला पाळणा म्हणून विकत घेतलं! मग १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याकडे टपाल न्यायचं काम आलं, खराब हवेत बरेच वैमानिक गेले, तेव्हा सैन्याने त्या पेट्या घेतल्या.

माझा मुद्दा असा की त्या पेटीला झाकण होतं. आत बसलेल्याला बाहेरचं काही दिसायचं नाही, फक्त काटे. म्हणजे सिम्युलेटर मुळात ढगात, काट्यांवर उडायला शिकवण्यासाठीच नावारूपाला आला. झाडीपट्टी म्हणतात की मुलांचे डोळे काट्यांना चिकटतात. चिकटणारच, त्या यंत्राचा तो पिढीजात धंदा आहे.

झाडीपट्टी

मास्तर, मान गये. आणि मुद्दाही खरा. पुढे इन्स्ट्रुमेंट शिकताना हीच मुलं वर्गात सर्वांच्या पुढे असतात. मी तक्रार करतो ती पहिल्या वीस तासांपुरती.

रेल्वेफाटक

बडनेऱ्याहून. एप्रिल २०२५ मध्ये बेलोऱ्याला, म्हणजे अमरावतीच्या विमानतळावर, मुंबईचं विमान सुरू झालं तेव्हापासून आमच्याकडे पोरांना विमानाचं वेड लागलंय. माझी आवड नकाशा. त्यामुळे हा घ्या गृहपाठ : नागपूर ते बेलोरा, जीपीएस बंद.

सरळ अंतर साधारण ७६ नॉटिकल मैल, दिशा २५७ अंश. आपल्या भागात होकायंत्राचा आणि खऱ्या उत्तरेचा फरक नगण्य, त्यामुळे ते डोकं खाणारं गणित वाचतं. १०० नॉटने वारा नसेल तर ४६ मिनिटं. समोरून १५ नॉटचा पश्चिमवारा असेल तर ५४. हे निघण्याआधी कागदावर लिहा आणि घड्याळ लावा.

वाटेत आर्वी उजव्या हाताला सातआठ किलोमीटरवर दिसायला हवी, मग वर्धा नदी. नदी वेळेवर आली नाही तर गणितात गडबड आहे, तिथेच थांबून विचार करा. ६० मैलांवर एक अंशाची चूक एक मैल बाजूला नेते. पाच अंश चुकलात तर बेलोऱ्यापर्यंत सहा मैलांच्या वर भरकटाल, आणि एवढ्या अंतरावरून धावपट्टी ओळखू येत नाही.

ज्याला भीती वाटते त्याने रेल्वे धरावी. बुटीबोरी, सिंदी, सेवाग्राम-वर्धा, पुलगाव, धामणगाव, बडनेरा. लांब पडतं, दक्षिणेला वळसा आहे, पण मुंबई-हावडा लाइन हरवत नाही. समृद्धी महामार्गावर विसंबू नका, सिम्युलेटरच्या नकाशात तो असेलच असं नाही.

पऱ्हाटी

जमलं! रेल्वेने नाही, सरळ गेलो. नदी दोन मिनिटं उशिरा आली. परत येताना मात्र नागपूरला वाऱ्याने घाम काढला. खरं हवामान लावलं होतं, वारा २५० अंशांवरून १२ नॉट.

मृगबहार

नागपूरची धावपट्टी १४-३२, म्हणजे ३२० कडे तोंड धरा. वाऱ्याशी कोन ७० अंश. १२ ला ७० च्या साइनने गुणा, ११ नॉट आडवा वारा. पावसाळ्यात आपल्याकडे नैऋत्य-पश्चिमेचा वारा असतो, त्यामुळे या धावपट्टीला तो बहुतेकदा आडवाच बसणार.

झाडीपट्टी

११ नॉट नवशिक्याला पुष्कळ. डावा पंख वाऱ्याकडे झुकवायचा आणि उजव्या रडरने नाक धावपट्टीच्या रेषेत ठेवायचं. हात एकीकडे आणि पाय दुसरीकडे, हे विचित्र वाटतं, वाटू द्या. आणि खाली आल्यावर नजर चाकाजवळ नको, धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला. स्क्रीनवर बाजूचं दिसत नाही म्हणून उंचीचा अंदाज चुकतो, फार वर असताना नाक उचललं जातं. वेबकॅम असेल तर ओपनट्रॅक वापरा, मान वळवली की दृश्य वळतं. फुकट आहे.

बाप्पारेबाप्पा

भाऊ, हसू नका आता. पोट्ट्यानं डाउनलोड केलं, म्या पन बसलो. इंजिन चालू केलं, थ्रॉटल पुढं सारला, अन् विमान आपोआप डाव्या अंगाले गवतात घुसून रायलं. तीनदा. काऊन? सॉफ्टवेअर खराब हाय का?

पऱ्हाटी

सॉफ्टवेअर चांगलं आहे भाऊ. पंखा बसल्या जागेवरून बघता उजवीकडे फिरतो. त्याने मागे फेकलेली हवा विमानाभोवती पिळा घालत येते आणि शेपटीवर डावीकडून आदळते, शेपटी उजवीकडे सरकते, नाक डावीकडे. शिवाय इंजिनाचा पीळ डाव्या चाकावर भार टाकतो. पूर्ण ताकद आणि कमी वेग असताना हे सगळ्यात जास्त. उजवा रडर द्यायचा, वेग वाढेल तसा कमी करायचा. जॉयस्टिक येईपर्यंत कीबोर्डच्या नंबरवाल्या भागातलं एंटर म्हणजे उजवा आणि शून्य म्हणजे डावा. आणि थ्रॉटल एकदम सारू नका, चार मोजत सारा. सेटिंगमध्ये ऑटो-कोऑर्डिनेशन (रडर आपोआप फिरवणारी सोय) असेल ते बंदच ठेवा, नाहीतर पाय कधी शिकणार नाहीत.

बाप्पारेबाप्पा

एंटर दाबून पाह्यलं. आता उजव्या अंगाले घुसते.

झाडीपट्टी

मग दाबून धरू नका, टिचक्या मारा. आणि पहिल्या दिवशी उडूच नका, नुसतं धावपट्टीच्या मधल्या पांढऱ्या रेषेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालवा. आम्हीही मुलांना तेच आधी करायला लावतो.